तेल खवट का होते?

चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे धानाच्या बांध्यांत उरलेल्या ओलीवर जवस पेरतात. हिवाळ्यात त्याला निळी फुले येतात. या जवसाचे घाणीवर काढलेले तेल पूर्व विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या खाण्यात आहे. ते तुमच्या घरी येत असेल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. टोळीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल पुष्कळ दिवस टिकते. जवसाच्या तेलाला मात्र लवकरच रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागतो. असे का व्हावे?

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. साखळीतील कार्बन अणू बहुतेक ठिकाणी एकेरी बंधांनी आणि काही ठिकाणी दुहेरी बंधांनी बांधलेले असतात. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये जो कार्बन सापडतो, त्याच्यावरचे हायड्रोजन अणू सैल असतात. खवटपणा तेथूनच सुरू होतो. प्रकाश, उष्णता किंवा तांब्या-लोखंडाचा सूक्ष्म अंश यांमुळे तो हायड्रोजन सुटला की उरलेला मूलक हवेतील ऑक्सिजन पकडतो, शेजारच्या साखळीवरचा हायड्रोजन ओढून घेतो आणि पेरॉक्साइड बनतो. आता शेजाऱ्याचा हायड्रोजन गेलेला! तोही तेच करतो. अशी ही साखळी विक्रिया चालू राहते.

आता या नाजूक जागा मोजू या. टोळीच्या तेलात संपृक्त मेदाम्ले आणि एकच दुहेरी बंध असलेले ऑलेइक आम्ल यांचाच भरणा असतो. त्यांत अशी एकही जागा नाही. (टोळी बिघडते ती वेगळ्या कारणाने. ती पडते जून-जुलैत, ऐन पावसाच्या तोंडावर. बी ओले राहिले की पाण्याने मेदाम्ले सुटी होतात.) जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असते. त्यात तीन दुहेरी बंध, म्हणजे नाजूक जागा दोन. समुद्रातील मासळीच्या तेलात ई.पी.ए. आणि डी.एच.ए. ही मेदाम्ले असतात. त्यांत अशा जागा अनुक्रमे चार आणि पाच!

ही तिन्ही ओमेगा-३ गटातील मेदाम्ले होत. ती शरीराला हवीच असतात; डी.एच.ए. तर मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यात मोठ्या प्रमाणात असते. जवसातील लिनोलेनिक आम्लापासून शरीर ते बनवते, पण फारच थोडे. म्हणून मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल खपतात. गंमत अशी, की ज्या गुणासाठी आपण हे तेल घेतो, त्याच गुणामुळे ते झपाट्याने बिघडते.

जवसाचे तेल बिघडले तर नाक सांगते. कॅप्सूलचे तेल जिलेटिनच्या कवचात बंद असते, वर कधी लिंबाचा स्वादही घातलेला असतो. तेथे नाकाचे काही चालत नाही. शिवाय पेरॉक्साइडांना स्वतःला वास नसतो. ते फुटून अल्डिहाइडे तयार झाली म्हणजे वास येतो. तोपर्यंत विक्रिया बरीच पुढे गेलेली असते.

म्हणून प्रयोगशाळेत पेरॉक्साइड मोजतात. तेलात पोटॅशियम आयोडाइड घालतात. पेरॉक्साइडामुळे आयोडीन सुटे होते आणि ते थायोसल्फेटने मोजता येते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मानकानुसार मासळीच्या तेलाचा पेरॉक्साइड अंक ५ पेक्षा जास्त नसावा, म्हणजे किलोमागे असा ऑक्सिजन ४० मिलिग्रॅमपर्यंतच. पण एवढ्याने भागत नाही. पेरॉक्साइडे वाढतात तशी फुटतातही, त्यामुळे हा अंक आधी चढतो आणि मग उतरतो. फार जुन्या तेलाचा अंक ताज्या तेलासारखाच छान दिसू शकतो! यावर उपाय म्हणून अल्डिहाइडांसाठी ॲनिसिडीन अंक काढतात. पेरॉक्साइड अंकाची दुप्पट अधिक ॲनिसिडीन अंक, ही बेरीज २६ च्या आत हवी.

न्यूझीलंडमध्ये २०१५ साली एका गटाने ३२ उत्पादने तपासली, तेव्हा बहुतेकांचा पेरॉक्साइड अंक मर्यादेबाहेर निघाला. २०१७ साली दुसऱ्या गटाच्या तपासणीत बहुतेक तेले ठीक ठरली. माझ्या मते अशा वेळी कोणाची बाजू घेण्यापेक्षा बाटली कोठे ठेवली होती, हे विचारणे बरे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की विक्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. पत्र्याच्या छताखालच्या फळीवर काय होत असेल, याचा हिशोब तुम्हीच करा. कॅप्सूल घरात असेल तर एक कापून वास घ्या.

जवसाचे अख्खे बी मात्र टिकते. टणक साल हवा आत जाऊ देत नाही. दळले की तो आडोसा गेला. म्हणून चटणी थोडीथोडीच करावी. तेल गडद रंगाच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून थंड जागी ठेवावे, तांब्या-पितळेच्या भांड्यात नको.

एक प्रयोग करून पाहा. काचेच्या दोन पट्ट्या शाळेच्या तराजूवर तोला. एकीवर जवसाच्या तेलाचा आणि दुसरीवर शेंगदाण्याच्या तेलाचा पातळ थर द्या आणि पुन्हा तोला. दोन्ही उजेडात ठेवा. काही दिवसांनी जवसाचा थर घट्ट होऊन त्यावर साय धरेल. तेल ‘वाळले’ म्हणजे काही उडून गेले, असे वाटते ना? तराजूवर ठेवा. वजन वाढलेले दिसेल. तो हवेतून घेतलेला ऑक्सिजन. मात्र तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. या विक्रियेत उष्णता निघते आणि बोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या पाण्यात भिजवून, मोकळ्या जागी पसरून वाळवा.