पिवळ्या हेडलाइटचं दुखणं बल्बमध्ये नसतं

रिसोडहून मालेगावला किंवा वाशीमहून मंगरूळपीरला रात्री गाडी नेणाऱ्याला समोरून येणाऱ्या ट्रकपेक्षा न दिसणाऱ्या गोष्टींची धास्ती जास्त. सोयाबीन निघण्याच्या दिवसांत मागे लाल दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, कडेने चाललेली बैलगाडी, वावरातून एकदम डांबरीवर येणारा रोही. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते. शेलूबाजारला किंवा कारंज्याला समृद्धी महामार्गावर चढून 120 चा वेग धरला, की हेच अंतर 33 मीटर होतं. एवढ्या घाईत जे काही दिसायचं, ते हेडलाइटच्या भरवशावर. पण दहा-बारा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची हेडलाइट पिवळसर, दुधाळ झालेली असते.

उजेड कमी झाला की बहुतेकांचा पहिला इलाज ठरलेला: बल्ब बदला. मूळ 60/55 वॉटचा हॅलोजन काढून 100/90 चा टाकायचा, नाहीतर पांढराशुभ्र एलईडी. दुखणं मात्र बाहेरच्या आवरणात असतं. त्यावरच्या बारीक तड्यांमुळे प्रकाश चहूकडे विखुरतो, म्हणून बल्ब जेवढा तेज, तेवढं समोरच्याच्या डोळ्यांवर जास्त येतं आणि रस्त्यावर त्या मानाने फारसं काही पडत नाही. वर जादा वॉटच्या उष्णतेने होल्डर आणि वायरिंग भाजतं ते वेगळंच. अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने 2018 मध्ये चाचणी घेतली, तेव्हा धुरकटलेल्या हेडलाइट्सचा उजेड नव्याच्या जेमतेम 20 टक्क्यांवर आलेला आढळला. घासून-पुसून पुन्हा साफ केल्यावर तो सुमारे 70 टक्क्यांपर्यंत चढला.

ॲम्बेसिडर, प्रीमियर पद्मिनी किंवा जुन्या जीपला हे दुखणं नव्हतं. त्यांच्या गोल दिव्यांना खरीखुरी काच होती. दगड लागून फुटायची, पण पिवळी पडत नव्हती. आजच्या गाड्यांना असतं ते पॉलिकार्बोनेट. 1953 मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत हर्मन श्नेल यांनी हे प्लास्टिक तयार केलं. वजनाला हलकं, दगडाला सहजासहजी न फुटणारं आणि हव्या त्या आकारात ओतता येणारं. वैर फक्त उन्हातल्या अतिनील किरणांशी. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक संरक्षक थर चढवतात. थर शाबूत, तोवर हेडलाइट शाबूत.

आता वाशीमचं ऊन बघा. जिल्हा विसाव्या अक्षांशाच्या आसपास आहे, त्यामुळे मेच्या 20 तारखेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हल्लीच्या हेडलाइट्स बॉनेटकडे तिरप्या चढत गेलेल्या असतात. ते ऊन सरळ त्यांच्या वरच्या भागावर पडतं. नीट पाहिलं तर पिवळेपणाची सुरुवात बहुधा तिथूनच झालेली दिसेल. एकाच जागी, एकाच दिशेने रोज लावल्या जाणाऱ्या गाडीची तर एक हेडलाइट दुसरीच्या आधी मंद होते.

पिवळी हेडलाइट टूथपेस्टने घासायचा घरगुती उपाय अगदीच खोटा नाही. तिच्यात बारीक खरखरीत भुकटी असते, ती वरचा मळकट पापुद्रा थोडा खरवडते. कापसावर डिझेल घेऊन पुसणारेही भेटतात. तेल तड्यांत भरतं आणि काही दिवस चकाकी दिसते. थिनर किंवा पेट्रोल मात्र लावूच नये, त्याने पॉलिकार्बोनेट आतून तडकतं.

घरी नीट करायचं तर सकाळची वेळ धरावी, वारा सुटून धूळ उडायच्या आत, आणि गाडी सावलीत घ्यावी. साबणाच्या पाण्याने हेडलाइट धुवावी, भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी चिकटवावी. मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासायला लागावं: आधी 800 किंवा 1000 नंबरचा, मग 1500, 2000, शेवटी 3000. पहिल्या पेपरला पांढरट-पिवळं पाणी ओघळतं. तो गेलेला जुना थर. पिवळं पाणी यायचं थांबलं की पुढचा नंबर घ्यावा. मध्येच हेडलाइट पहिल्यापेक्षाही धुरकट दिसते आणि पुष्कळ जण इथेच घाबरून हात आखडता घेतात. धीर धरावा. प्रत्येक पेपरला घासण्याची दिशा बदलली, की आधीच्या पेपरचे ओरखडे राहिलेत का ते लगेच कळतं. शेवटी रबिंग कंपाउंड मऊ कापडाने चोळलं की आतला बल्ब स्वच्छ दिसू लागतो.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि तिथेच सगळं फसतं. घासताना जुना संरक्षक थर पार निघालेला असतो. उघडं पॉलिकार्बोनेट आपल्याकडच्या उन्हात काही महिन्यांतच पुन्हा पिवळं पडतं. त्यामुळे अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट त्याच दिवशी द्यायलाच हवा. एकदा जाड फवारण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. हार्डनर मिसळलेला टू-के कोट जास्त टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. तो साध्या रुमालावर भागवून मारू नये. योग्य मास्क नसेल तर तेवढं काम पेंटिंगवाल्याकडे दिलेलं बरं. काही सीलर उन्हातच सुकवायचे असतात, म्हणून डब्यावरच्या सूचना वाचून घ्याव्यात.

आतून पाणी साचलं असेल, रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल किंवा प्लास्टिक खोलवर तडकलं असेल, तर घासण्यात अर्थ नाही. पूर्ण दिवाच बदलावा लागतो. खासगी गाडीला 15 वर्षं झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी वाशीमच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जावं लागतं. तिथे दिवेही तपासले जातात, तेव्हा हे काम त्याआधी उरकलेलं सोयीचं. नवा दिवा बसवला असेल तर रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही हेडलाइट्सचा झोत एका उंचीवर पडतो का, तेही बघून घ्यावं.