परहाटीत दडलेलं पेटंट

अकोट, दर्यापूर, अंजनगावच्या काळ्या शिवारात जूनमध्ये बोलगार्ड-२ या कपाशीची सरकी जमिनीत जायची, तेव्हा तिच्या प्रत्येक पेशीत एक पेटंट सोबत जात असे. भारतीय पेटंट क्रमांक २१४४३६. परहाटी हातभर झाली की तिच्या पानापानात, बोंडाबोंडात तेच. पेटंट म्हणजे यंत्राचं, फार तर औषधाचं, असं आपण धरून चालतो. इथं ते फुटवे काढत होतं, फुलत होतं.

त्यात नेमकं काय होतं? मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू राहतो. त्याचं एक प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेलं की आतड्याच्या भिंतीला चिकटतं, तिला भोकं पाडतं आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात ते चिकटायला जागाच नाही. पण हा जिवाणू निसर्गातला. तो सापडला म्हणून त्याच्यावर मालकी सांगता येत नाही, आपल्या पेटंट कायद्याचं ३ रं कलमच तसं सांगतं. म्हणून बोलगार्ड आणणाऱ्या मोन्सँटो कंपनीने जिवाणूवर हक्क मागितलाच नाही. त्यांनी जिवाणूच्या जनुकाला आणखी एक तुकडा जोडला. तयार झालेल्या प्रथिनाला पेशीतल्या लवकापर्यंत, म्हणजे हरितद्रव्य जिथं असतं त्या कणांपर्यंत नेणं, एवढंच त्या तुकड्याचं काम. निसर्गात अशी जोडणी कुठंच नव्हती. पेटंट मागितलं ते या जोडणीवर आणि ती वनस्पतीत घालण्याच्या पद्धतीवर.

पेटंटचा जीव असतो त्यातल्या दाव्यांत. शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तसे हे दावे. त्यांच्या आत शिरलात तर अतिक्रमण, बाहेर राहिलात तर मोकळे. २१४४३६मध्ये असे २७ दावे होते. पहिले २४ पद्धतीचे, शेवटचे तीन त्या जनुकीय जोडणीचे. पुढं सगळं भांडण पेटलं ते या शेवटच्या तीन दाव्यांवरून.

त्याआधी सौदा समजून घ्या, कारण पेटंट हा समाजाशी केलेला सौदाच आहे. संशोधकाने आपली युक्ती काहीही न लपवता लिहून द्यायची. बदल्यात सरकार त्याला २० वर्षं इतरांना अडवण्याचा हक्क देतं. घड्याळ मात्र पेटंट मिळाल्या दिवसापासून नाही, अर्जाच्या तारखेपासून चालतं. या पेटंटचा अर्ज ४ नोव्हेंबर १९९९चा आणि मंजुरी १२ फेब्रुवारी २००८ची. २० पैकी आठ वर्षं कागदातच गेली!

आणि हक्क अडवण्याचा, विकण्याचा नव्हे. बोलगार्ड-२ला विक्रीची परवानगी २००६ साली मिळाली, पेटंटच्या आधी आणि वेगळ्याच समितीकडून. जून २०१९मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारं, पण तशी परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं. तिथं आड आला तो पर्यावरण कायदा, पेटंट नव्हे.

सगळ्यात मोठी गंमत पहिल्या बोलगार्डची. २६ मार्च २००२ रोजी त्याला मंजुरी मिळाली, पण त्याच्या जनुकावर भारतात पेटंट नव्हतंच, आणि अमेरिकेतलं पेटंट अमरावतीत चालत नाही. तरी सुमारे १,८५० रुपयांच्या थैलीत १,२५० रुपये तंत्रज्ञानाचे म्हणून जात. ते कसे? कायद्याने नाही, बियाणं कंपन्यांशी केलेल्या कराराने. शिवाय हे सगळं बियाणं संकरित. घरची सरकी ठेवण्याचा हक्क २००१चा वाणसंरक्षण कायदा शेतकऱ्याला देतो, पण संकरिताची सरकी पुढच्या वर्षी सारखी उगवतच नाही. माझ्या मते शेतकऱ्याला दरसाल कृषी केंद्रात पाठवलं ते पेटंटने कमी आणि संकराने जास्त.

तंत्रज्ञानाच्या पैशांवरून मोन्सँटोचं हैदराबादच्या नुझिवीडू सीड्स या बियाणं कंपनीशी बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिथं नुझिवीडूने पेटंटलाच आव्हान दिलं. बियाणं, वनस्पती आणि त्यांच्या भागांवर पेटंट देता येत नाही, असं ३(ज) कलम म्हणतं. मग जनुकाची जोडणी ही वनस्पतीचा भाग की प्रयोगशाळेतली वस्तू? ११ एप्रिल २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट रद्दच केलं. ८ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. साक्षीपुरावे घेतल्याशिवाय एवढा गुंतागुंतीचा प्रश्न सुटायचा नाही, असं सांगून खटला परत पाठवला. पुरावे पूर्ण होण्याआधीच नोव्हेंबर २०१९मध्ये पेटंटची मुदत संपली आणि २०२१मध्ये दोघांनी तडजोड केली. प्रश्न अनुत्तरितच राहिला, याची मला अजून हळहळ वाटते.

शेंदरी बोंडअळीने निकालाची वाट पाहिली नाही. २०१७च्या खरिपात तिने विदर्भातली कपाशी पोखरली. बोलगार्ड-२मध्ये अळीला मारणारी दोन प्रथिनं होती, ती दोन्ही ही अळी पचवू लागली होती. सरकारनेही तंत्रज्ञानाचं शुल्क २०१६ला थैलीमागे ४९ रुपयांवर आणलं आणि २०२०ला शून्य केलं. आज २१४४३६मधली युक्ती सगळ्यांची आहे.

नवे अर्ज आणि मंजूर पेटंटं दर शुक्रवारी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात छापली जातात. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं, आणि पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो. त्यासाठी शास्त्रज्ञ असावं लागत नाही. तेव्हा अमुक प्राध्यापकाला पेटंट मिळाल्याची बातमी वाचलीत, तर आधी इतकं तपासा: अर्ज नुसता प्रकाशित झालाय की मंजूर? संशोधनाचं पेटंट आहे की फक्त आकाराची नोंदणी? आणि दरसालचं शुल्क भरलं जातंय ना? ते थकलं, तर २० वर्षांच्या आतच पेटंट संपतं.