पत्रकारितेनंतरचा जनसंपर्क व्यवसाय आणि संकटकालीन संवाद

प्रस्तावना

ग्रामीण भागातील पत्रकारितेचा विद्यार्थी बहुधा तालुका वार्ताहर म्हणून कामास प्रारंभ करतो. अल्प मानधन व जाहिरातींवरील कमिशन यांवर संसार चालविणे कठीण असते. त्यामुळे काही वर्षांनी तो उद्योग, सहकारी संस्था, रुग्णालये किंवा देवस्थाने यांच्या जनसंपर्क विभागाकडे वळतो. हा बदल करताना पत्रकाराने सोबत काय न्यावे व काय मागे ठेवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

या व्यवसायाच्या उभारणीतच एक पत्रकार आहे. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत काम केलेले आयव्ही ली जनसंपर्काकडे वळले. १९०६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा भीषण अपघात झाला. अपघात दडविण्याच्या तत्कालीन प्रथेऐवजी ली यांनी वार्ताहरांना घटनास्थळी नेले व अधिकृत निवेदन दिले. वार्ताहरास काय हवे असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

दोन उदाहरणे

ऑक्टोबर २००३ मध्ये महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्या. दुकानांतील सदोष साठवणुकीकडे कंपनीने बोट दाखविले, तर अन्न व औषध प्रशासनाने वेष्टनाबाबत प्रश्न उपस्थित केला. ऐन सणासुदीत विक्री घसरली. पुढे विक्रेत्यांसाठी ‘विश्वास’ प्रकल्प आणि २००४ च्या प्रारंभी नवे वेष्टन आले. त्यानंतरच अमिताभ बच्चन यांच्या जाहिरातींना अर्थ प्राप्त झाला. कृतीवाचून केलेला खुलासा टिकत नाही, हा यातील बोध होय.

दुसरे उदाहरण राहाता तालुक्यातीलच आहे. साईबाबांच्या जन्मस्थळाच्या वादातून १९ जानेवारी २०२० रोजी शिर्डी बंदची हाक देण्यात आली. दूरवरून निघालेल्या भाविकाचा प्रश्न एकच होता : दर्शन होईल का? मंदिर सुरू राहील, असे संस्थानने आधीच जाहीर केले. वादावर भाष्य करण्यापेक्षा ही माहिती वेळेत पोहोचणे महत्त्वाचे होते.

पत्रकाराचे भांडवल व मर्यादा

संस्था पत्रकारास अनेकदा त्याच्या ओळखींसाठी घेतात. परंतु त्याचे खरे भांडवल म्हणजे वाचकाचा पहिला प्रश्न ओळखणे, माहिती पडताळणे आणि ती थोडक्यात मांडणे. संकटकाळी बाहेरून येणारे अडचणीचे प्रश्न त्याने संस्थेच्या बैठकीत आधीच विचारले पाहिजेत. पतसंस्थेविषयी अफवा उठल्यास ठेवीदारास आश्वासक विशेषणे नकोत. ठेवींची स्थिती व पैसे मिळण्याची व्यवस्था कळली पाहिजे.

मागे ठेवावयाची गोष्ट म्हणजे वार्ताहराचे पद. तालुक्याच्या ठिकाणी एकच व्यक्ती वार्ताहर व संस्थेची प्रसिद्धिप्रमुख असेल, तर बातमी व जाहिरात यांतील सीमारेषा पुसली जाते आणि वाचक फसतो. जनसंपर्क अधिकारी संस्थेची बाजू मांडतो, हे उघड असावे. चौकशी चालू असताना काही माहिती राखून ठेवता येते. असत्य मात्र सांगता येत नाही.

समारोप

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात प्रसिद्धिपत्रक लेखनाबरोबर संकटकालीन निवेदनाचा सराव व व्यावसायिक नीतीची चर्चा असणे आवश्यक आहे. स्थानिक कारखाना, दूध संघ वा रुग्णालय यांवर आधारित काल्पनिक प्रसंग त्यासाठी उपयुक्त ठरतील. विद्यार्थ्यास रोजगाराचा हा मार्ग दाखविताना, विश्वासार्हता गमावलेल्या जनसंपर्क अधिकाऱ्याचा संस्थेलाही उपयोग उरत नाही, हे सांगणे अध्यापकांचे कर्तव्य आहे.