आर्णीहून रेल्वे शोधताना ॲप ‘गाडी नाही’ का म्हणतं? नवीन गाड्या आणि शाखा मार्गांमागचं गणित

एक प्रयोग करून बघा. मोबाईलमधल्या कुठल्याही रेल्वे ॲपमध्ये स्टेशनच्या जागी ‘आर्णी’ टाईप करा. बहुतेक वेळा ‘आर्णी रोड’ असं एक नाव समोर येईल. खूश होऊ नका, ते तामिळनाडूत आहे! तिकडच्या तिरुवन्नामलाई जिल्ह्यात रेशमासाठी प्रसिद्ध असलेलं आरणी नावाचं गाव आहे आणि हे स्टेशन त्याचं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, अरुणावतीच्या काठच्या आर्णीला रेल्वे स्टेशनच नाही.

आता ‘कळंब’ शोधा. मॅपवर एक कळंब धाराशिव जिल्ह्यात सापडेल, एक पुणे जिल्ह्यात आणि एक आपलं चिंतामणीचं कळंब. रेल्वे आली आहे ती या तिसऱ्या कळंबला. २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी वर्धा–कळंब या नव्या ब्रॉडगेज मार्गाचं उद्घाटन केलं आणि कळंब–वर्धा गाडीला हिरवा झेंडा दाखवला. पण आयआरसीटीसीवर जाऊन कळंब ते वर्धा शोधलंत तर हाती काहीच न लागण्याची शक्यता जास्त. मग गाडी आहे की नाही?

गोची इथेच आहे. ‘गाडी सापडली नाही’ या एका ओळीमागे तीन-चार वेगवेगळी कारणं असू शकतात आणि ॲप त्यातलं नेमकं कोणतं ते सांगत नाही. फिरायला निघाला असाल तर ठीक आहे. पण नागपूरला परीक्षा आहे किंवा पुण्याला इंटरव्ह्यू आहे, आणि आर्णीच्या एसटी स्टँडवर उभं राहून तुम्ही ठरवताय की धामणगावला जायचं, वर्ध्याला जायचं की कळंबला उतरायचं, तेव्हा या एका ओळीवर सगळा दिवस अवलंबून असतो. म्हणून आज ॲपच्या आत काय चालतं ते जरा उघडून बघूया.

आधी रूळ कुठे चाललेत ते समजून घ्या

वर्धा–यवतमाळ–नांदेड हा साधारण २८४ किलोमीटरचा नवा मार्ग. वर्धा, देवळी, भिडी, कळंब, यवतमाळ, मग दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव आणि नांदेड असा तो जातो. यादी परत वाचा. आर्णी नाही. वर्ध्याहून यवतमाळपर्यंत रूळ आणि हायवे एकाच दिशेने जातात. यवतमाळनंतर हायवे आर्णी, महागाव करत पुढे जातो आणि रूळ मात्र दारव्हा-दिग्रसकडे वळतात. त्यामुळे ‘आर्णीला रेल्वे येणार’ असा फॉरवर्ड आला तर आधी हा मार्ग आठवा. आर्णीकरांसाठी पुढेमागे कामाचं स्टेशन असेल तर ते दिग्रस किंवा यवतमाळ.

एवढा मोठा मार्ग एकदम सुरू होत नाही, तुकड्यातुकड्याने होतो. एक तुकडा तयार झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त (यांना सीआरएस म्हणतात) येऊन पाहणी करतात आणि वेगाची चाचणी होते. गंमत म्हणजे हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली असतात. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा नाही, हा त्यामागचा विचार. त्यांची मंजुरी आल्याशिवाय प्रवासी गाडी धावत नाही. म्हणजे ‘ट्रायल झाली’ ही बातमी वेगळी आणि ‘गाडी सुरू झाली’ ही वेगळी. इंजिन धावतानाचा व्हिडिओ बघून बॅग भरू नका.

तुकड्यातुकड्याने म्हणजे कसं, ते अहिल्यानगर–बीड–परळी मार्गावर बघा. तिथे न्यू आष्टीपर्यंत डेमू आली सप्टेंबर २०२२ मध्ये, अमळनेरपर्यंत आली आपल्या कळंबच्याच दिवशी, आणि बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. दर वेळी शेवटचं स्टेशन बदललं, वेळापत्रक बदललं. आपल्याकडेही असंच होणार. त्यामुळे आज गाडी नेमकी कुठपर्यंत जाते ते मी इथे लिहीत बसत नाही. लेख जुना होतो. ते तपासायचं कसं, ते सांगतो.

एकाच रेल्वेचे वेगवेगळे डेटाबेस

रेल्वेचं सॉफ्टवेअर सांभाळणारी संस्था म्हणजे क्रिस, १९८६ ची. पण क्रिसचं काम म्हणजे एकच मोठी एक्सेल शीट नाही. आरक्षणाची सिस्टीम वेगळी, जनरल तिकिटांची वेगळी, आणि गाडी आत्ता कुठे आहे ते सांगणारी एनटीईएस वेगळी.

आयआरसीटीसीवर तुम्ही शोधता तेव्हा प्रश्न जातो आरक्षणाच्या सिस्टीमला. तिला फक्त आरक्षण असलेल्या गाड्या माहीत. शाखा मार्गांवरच्या पॅसेंजर आणि डेमू गाड्या साधारणपणे पूर्ण अनारक्षित असतात. आरक्षण नाही म्हणजे त्या सिस्टीमसाठी ती गाडीच नाही. गाडी फलाटावर शिट्टी मारत उभी असेल, तरी उत्तर ‘गाडी नाही’च येणार. तुमच्या ॲपमध्ये बग नाहीये, तुम्ही चुकीच्या खिडकीवर विचारताय.

उलटा घोळही होतो. यवतमाळ हे स्टेशन रेल्वेच्या जगात जुनं आहे, कारण शकुंतला. मूर्तिजापूर–यवतमाळ ही नॅरोगेज गाडी, रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर (ब्रॉडगेजला १६७६). १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. ती गाडी बंद पडली, पण नकाशावरचं नाव काही आपोआप पुसलं जात नाही. नकाशा इमारत दाखवतो, गाडी नाही. म्हणून मॅपवर ‘जवळचं रेल्वे स्टेशन’ टाकून मिळालेल्या उत्तरावर रिक्षा करू नका.

मग विचारायचं कुठे? एनटीईएसवर (वेबसाईट आहे, ॲपही आहे), किंवा जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेलवन ॲपवर. तिथे ‘दोन स्टेशनमधल्या गाड्या’ बघा, म्हणजे अनारक्षितही दिसतील. अजून चांगली ट्रिक: थेट स्टेशन उघडा. कळंब किंवा यवतमाळच्या नावावर येत्या काही तासांत गाडी दाखवतेय का? दाखवत असेल तर तो तुकडा चालू आहे. खाजगी ॲप्स ही माहिती उचलूनच दाखवतात, आणि नव्या गाडीच्या बाबतीत ती कधीकधी मागे राहतात.

गाडीचा नंबर वाचायला शिका

डिसेंबर २०१० पासून सगळ्या प्रवासी गाड्यांचे नंबर पाच आकडी आहेत, आणि ते लॉटरीने दिलेले नाहीत. पहिला आकडा गाडीची जात सांगतो. १ किंवा २ म्हणजे लांब पल्ल्याची एक्सप्रेस. ५ म्हणजे साधी पॅसेंजर, ६ म्हणजे मेमू, ७ म्हणजे डेमू. आणि ० म्हणजे स्पेशल.

दुसरा आकडा बहुतेक वेळा झोन सांगतो. १ मध्य रेल्वे, ७ दक्षिण मध्य रेल्वे. आपल्या या मार्गासाठी हे दोनच पुरे, कारण वर्धा मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतं आणि नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत. म्हणजे ५१ किंवा ७१ ने सुरू होणारा नंबर दिसला तर ती मध्य रेल्वेची लोकल स्वरूपाची गाडी, ५७ किंवा ७७ असेल तर नांदेडकडची. कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस ११०३९, म्हणजे लांबची, मध्य रेल्वेची. विदर्भ एक्सप्रेस १२१०५, इथे १२ म्हणजे सुपरफास्ट आणि झोन तिसऱ्या आकड्यात गेला. परतीचा नंबर सहसा एकाने पुढे-मागे: १२१०६, ११०४०.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते शून्यावर. शून्याची गाडी ठराविक मुदतीची असते. सणाची, उन्हाळ्याची, किंवा चाचणी म्हणून सुरू केलेली. मुदत वाढली तर वाढली, नाहीतर बंद. भाडंही बऱ्याचदा जास्त. आणि उद्घाटनाच्या दिवशी झेंडा दाखवून जी गाडी सोडतात तीही स्पेशलच. तिची वेळ कार्यक्रमाप्रमाणे ठरलेली असते, रोजच्या गाडीचा त्याच्याशी संबंध नसतो. पण व्हॉट्सॲपवर फिरतो नेमका त्याच दिवसाचा स्क्रीनशॉट! पुढची दोन वर्षं कोणीतरी तो ‘नवीन टाईमटेबल’ म्हणून पाठवत राहतं. फॉरवर्डमध्ये नंबर शून्याने सुरू होत असेल तर तारीख बघा. नसेल दिसत तर सोडून द्या.

गाडी नियमित झाली की तिचा नंबर बदलतो, हेही लक्षात असू द्या. ॲपमध्ये फेव्हरिट करून ठेवलेला जुना शून्यवाला नंबर मग काहीच दाखवत नाही आणि आपण म्हणतो, गाडी बंद झाली वाटतं.

गाडी आत्ता कुठे आहे?

मोठ्या मार्गांवरच्या बऱ्याच इंजिनांमध्ये आरटीआयएस नावाचं यंत्र असतं. इस्रोच्या मदतीने बनवलेलं. उपग्रहावरून जागा ओळखून दर ३० सेकंदांनी ते कळवत राहतं. जिथे हे नाही तिथे गाडी स्टेशनवरून गेल्याची नोंद होते, आणि मधल्या वेळात ॲप अंदाज करतं. म्हणजे स्क्रीनवर सरकणारा तो ठिपका कधी खरा असतो, कधी नुसतं गणित. शाखा मार्गावर स्टेशनं लांब लांब असली की हा अंदाज चांगलाच हुकू शकतो.

‘व्हेअर इज माय ट्रेन’ (२०१८ पासून गुगलचं) याची युक्ती वेगळी. तुम्ही गाडीत बसलेले असाल तर ते जवळच्या मोबाईल टॉवरवरून जागा ओळखतं, इंटरनेट नसलं तरी. भारी आहे. पण त्यासाठी त्या मार्गावरच्या टॉवरची माहिती ॲपकडे आधी असावी लागते. अगदी नव्या मार्गावर सुरुवातीला त्याच्यावर फार भरवसा ठेवू नका.

आता आर्णीचा हिशोब

नागपूरला जायचं असेल तर माझं स्पष्ट मत: आर्णीहून थेट एसटी मिळत असताना कळंबला उतरून गाडी बदलण्यात अजून फारसा अर्थ नाही. तीच एसटी यवतमाळ, कळंब करत पुढे जाते. शाखा मार्गावर दिवसाला गाड्या मोजक्याच असतात, एक चुकली की पुढची थेट दुसऱ्या दिवशीही असू शकते. शिवाय आठवड्यातून कोणत्या दिवशी धावते तेही बघावं लागतं. या मार्गाची खरी मजा दिग्रस-पुसद जोडलं गेल्यावर, एकाच रुळावरून वर्धा आणि नांदेड दोन्हीकडे जाता येईल तेव्हा.

मुंबई-पुण्याच्या गाडीसाठी धामणगाव की वर्धा, हा यवतमाळकरांचा जुना वाद. धामणगावला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, वर्ध्याला जास्त थांबतात. पण वर्ध्यात एक खड्डा आहे. वर्धा जंक्शन आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, काही किलोमीटरच्या अंतराने. दक्षिणेकडे, बल्लारशाह-चेन्नईच्या बाजूला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वर्धा जंक्शनला येतच नाहीत, सेवाग्रामवरून जातात. तिकिटावरचा स्टेशन कोड वाचा: डब्ल्यूआर म्हणजे वर्धा, एसईजीएम म्हणजे सेवाग्राम.

कळंबहून पॅसेंजरने वर्ध्याला जाऊन पुढे विदर्भ एक्सप्रेस पकडायचा बेत असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. दोन आरक्षित तिकिटं असतील तर आयआरसीटीसीवर दोन पीएनआर जोडता येतात, २०१९ पासून. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मागता येतात. पण अनारक्षित पॅसेंजरला पीएनआरच नसतो. मग जोडणार काय? ती लेट झाली तर पुढच्या तिकिटाचं नुकसान तुमचंच.

आणि जनरल तिकीट. मोबाईलवर काढलेल्या पेपरलेस तिकिटावर तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो, आणि ते तिकीट रद्द होत नाही. पूर्वी स्टेशनपासून ठराविक अंतरातच ते काढता यायचं. एप्रिल २०२४ मध्ये ही बाहेरची मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आर्णीत घरी बसूनही काढता येतं. पण सकाळी घरीच काढलं, मग एसटी उशिरा आली, यवतमाळला अर्धा तास थांबली, तर तीन तास कधी संपले कळणारही नाही. स्टेशनच्या आत पाऊल ठेवल्यावर काढायला जाल तर जीपीएस बघून ॲप नकार देतं, कारण टीसी दिसल्यावर तिकीट काढणाऱ्यांसाठीच तो नियम आहे. मधला रस्ता सोपा आहे: एसटीतून यवतमाळ सोडलं की तिकीट काढा. ते राहिलं तर स्टेशनवर क्यूआर कोड लावलाय का ते बघा, तो ॲपमधूनच स्कॅन केला की आत असूनही तिकीट मिळतं.