शोक गिळावा की सांगावा?

घरात मृत्यू झाला असता, "बौद्ध होऊन रडता कशाला?" असे शब्द आपल्या समाजात कधी कधी कानी पडतात. अनित्यता जाणणाऱ्याने अश्रू ढाळू नयेत, अशी त्यामागील समजूत असते. ती पालि साहित्याच्या कसोटीस उतरते काय, याचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

संयुत्तनिकायातील चुन्दसुत्त या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मगधातील नालकग्रामी सारिपुत्तांचे परिनिर्वाण झाले. त्यांचे पात्र व चीवर घेऊन श्रामणेर चुन्द श्रावस्तीस आला. आनंद त्याच्यासह भगवंतांकडे गेले. शरीर बधिर झाले आहे, दिशा सुचत नाहीत, धम्मही मनात स्पष्ट होत नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. भगवंतांनी त्यांना गप्प केले नाही. सारिपुत्त जाताना तुझे शील, समाधी वा प्रज्ञा घेऊन गेले काय, असे विचारले. 'नाही' म्हणून आनंदांनी आपण काय गमावले तेही सांगितले: उपदेश करणारा, उत्साह देणारा सोबती. त्यानंतर भगवंतांनी प्रियवियोगाची अटळता सांगून 'अत्तदीप' होण्याचा आणि चार सतिपट्ठानांचा मार्ग दाखविला.

पुढच्याच उक्काचेलसुत्तात, सारिपुत्त-मोग्गल्लानांविना ही परिषद रिकामी वाटते, असे खुद्द भगवंत म्हणतात. तथागतांना मात्र शोक नाही. उणीव बोलून दाखविणे आणि शोकाने ग्रासले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

छाती पिटून विलाप करणाऱ्यास दुसरा बाण लागतो, असे सल्लसुत्त सांगते, हा आक्षेप येथे येईल. तो रास्त आहे. दुःखद वेदनेविषयीचा प्रतिघ जोपासणे हा दुसरा बाण होय. परंतु पहिला बाण लागलाच नाही असे भासविण्यास ते सुत्त सांगत नाही. चित्तानुपस्सनेतही द्वेषयुक्त चित्त तसेच जाणावयाचे असते. जे नाकारले ते जाणणार कसे? शिवाय आनंद तेव्हा स्रोतापन्न होते, अर्हत नव्हते. अर्हताची अवस्था नुकतेच मूल गमावलेल्या मातेकडे मागणे अन्यायाचे आहे.

समाजाच्या दुःखासही हाच न्याय लागू पडतो. १९२० साली बाबासाहेबांनी काढलेल्या पाक्षिकाचे 'मूकनायक' हे नावच सुचविते की, मुक्या वेदनेला वाचा फुटल्यावाचून तिच्या निवारणास प्रारंभ होत नाही.

म्हणून सांत्वनास जाणाऱ्या कल्याणमित्राने आधी ऐकावे. अनित्यतेचा उपदेश त्यानंतर करावा, आणि तोही शोकग्रस्ताचा हात हाती घेऊन.