काटेचेंडू : सुकत्या माळावरचं मधमाशांचं हॉटेल

आजचा भाग ऐकण्याऐवजी वाचायचा असेल, तर हा घ्या त्याचा मजकूर.

परतीचा पाऊस संपला की सोलापूरचा माळ पिवळा पडायला लागतो. नेमकी तेव्हाच, ऑक्टोबरच्या सुमारास, उंटकटारी फुलायला लागते. हिलाच काटेचेंडू म्हणतात. झाड आपल्याच मातीतलं, सूर्यफुलाच्या कुळातलं. उंची गुडघ्याच्या वर, कधी कमरेपर्यंत. पानं काटेरी, खालून पांढरी लव, आणि शेंड्याला फिकट निळसर-पांढरा गोल चेंडू.

आता गंमत बघा. तो चेंडू म्हणजे एक फूल नाहीच! ती असंख्य बारक्या फुलांची वसाहत आहे, आणि प्रत्येक फुलाला स्वतःचं काटेरी कवच. ही फुलं वरून खाली टप्प्याटप्प्यानं उमलतात. म्हणजे एकाच चेंडूवर मधमाश्या आणि फुलपाखरांना सलग काही दिवस मकरंद मिळतो. काट्यांमुळं शेळ्या-मेंढ्या तोंड लावायला बिचकतात, म्हणून चराईच्या माळावरही ती टिकून राहते.

याचा आपल्याशी काय संबंध? सूर्यफुलात दाणा नीट भरायला मधमाशी लागते. डाळिंबालाही तिची मदत होते. आपण बहार धरतो मृग, हस्त नाहीतर आंबे. पण पोळ्याला भूक बारा महिने लागते! दोन बहारांच्या मधल्या काळात तिला जगवतात ती बांधावरची आणि माळावरची रानफुलं. शिवाय एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या जमिनीतच बीळ करतात. त्यांच्यासाठी न नांगरलेला बांध म्हणजे घरच.

आणि आपण काय करतो? बांध 'स्वच्छ' दिसावा म्हणून तणनाशक मारतो. माळाला 'पडीक' म्हणतो. अहो, याच माळासाठी १९७९ साली माळढोक अभयारण्य झालं, आणि आपलं नान्नज त्यातच येतं!

ज्वारीत उंटकटारी आली तर खुरपून काढा, त्यात चूक काहीच नाही. पण बांधावरची फुलून बी धरेपर्यंत राहू द्या. पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळा.

या रविवारी माळावर चक्कर मारा. एका चेंडूसमोर दहा मिनिटं थांबा, कोण कोण येतं ते मोजा, फोटो आयनॅचरलिस्टवर टाका. आणि घरी बांधावर फवारायचा विषय निघाला, तर तो फोटो आधी आबांना दाखवा.