आगंतुक आणि यजमान : नांदेडची साक्ष

विज्ञानकथेतील परग्रहवासी यजमान समाजापुढे मूलतः एक प्रश्न उभा करतो : परका आपला केव्हा होतो? नांदेडचा इतिहास त्याचे उत्तर देतो. परंपरेनुसार संत नामदेव पंजाबात घुमान येथे दीर्घकाळ राहिले. तेथे आगंतुक तेच होते. त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथात समाविष्ट झाली. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेड येथे त्याच ग्रंथाला गुरुपद दिले आणि पाहुण्यांच्या शिदोरीतून यजमानांचीच ठेव गोदाकाठी परतली. येथे स्थिरावलेले दखनी शीख मराठीही बोलतात. नामदेवांचा अभ्यास मराठी गाथेपाशीच थांबवला, तर हे पुनरागमन नजरेआड होते. परकेपणा हा स्थायी गुण नसून संबंधांची एक अवस्था होय, हेही मग उमगत नाही.